डोळ्यामागची गाठ आणि सोयाबीनची काढणी

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई शिक्षिका आहेत. त्यांचे माहेर परभणी जिल्ह्यातील एका गावात आणि सासर छत्रपती संभाजीनगरात आहे. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) त्यांचे वडील, म्हणजे अण्णा, 64 वर्षांचे असून शेती करतात. ज्वारीच्या काढणीत पान लागून 22 वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडले आणि तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही. आता उजवा डोळा आठ महिन्यांपासून हळूहळू पुढे येत आहे. दुखत मात्र नाही. तालुक्याला मिळालेल्या गोळ्यांनी सूज पंधरा दिवसांत उतरली आणि गोळ्या संपल्यावर महिन्याभरात परतली. एमआरआयमध्ये डोळ्याच्या खोबणीत वरच्या बाजूला गाठ दिसली, अहवालात ‘लिम्फोमाची शक्यता’, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगाची शक्यता, असे लिहून आले आणि डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले. थोरला भाऊ म्हणतो, ‘सोयाबीन काढणीला आलंय, दिवाळीनंतर बघू.’ चुलते म्हणतात, ‘चाकू लागला की ते पसरतं, त्याच गोळ्या पुन्हा आणा.’ आईने अण्णांना मोतीबिंदू असल्याचे सांगून ठेवले आहे. ताई विचारतात : ‘एकच डोळा उरला आहे. तो राखायचा तर त्याला हात लावावा की लावू नये? आणि मी लग्न होऊन गेलेली मुलगी. माझा शब्द किती ताणू?’

प्रिय ताई,

मी अण्णांना तपासलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहितो ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे म्हणून लिहितो. मराठवाड्यात तीस वर्षे लोकांचे डोळे तपासून मी आता निवृत्त झालो आहे, आणि तुमच्या घरात चाललेला वाद मी निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या आडनावांच्या घरांत ऐकलेला आहे.

‘हात लावावा की लावू नये’ असे तुम्ही विचारता, पण हात तर लागून गेला आहे. तालुक्याच्या त्या गोळ्या म्हणजे हातच होता. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीच्या छायाचित्रात प्रेडनिसोलोन हे नाव वाचता येते. ते स्टेरॉइड आहे. लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा आजार आहे आणि स्टेरॉइडने नेमक्या याच पेशी मरतात, म्हणून गाठ भराभर आक्रसते, डोळा मागे जातो आणि घरात पेढे वाटले जातात. मुळे मात्र तशीच राहतात. गोळी थांबली की पेशी पुन्हा वाढू लागतात. वाईट याहून पुढे आहे : गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच थांबवलेल्या असताना तुकडा काढला, तर सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या आणि सुकलेल्या पेशीच दिसण्याचा संभव असतो, अहवाल ‘निश्चित सांगता येत नाही’ असा येतो आणि तुकडा दुसऱ्यांदा काढावा लागतो. चुलते ज्या गोळ्या पुन्हा आणायला सांगत आहेत, त्यांनी नेमके हेच होईल. गाठ उतरली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे त्यांचा विश्वास बसणे मी समजू शकतो. पण स्टेरॉइडने उतरून पुन्हा येणारी गाठ म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात लिम्फोमाचा संशय उलट बळावतो.

तालुक्याच्या त्या डॉक्टरांवर फार रागावू नका. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका बाईंच्या पापणीच्या सुजेवर तुकडा न काढता याच गोळ्या दोन महिने दिल्या होत्या. त्यांना बरे वाटले, मलाही बरे वाटले, आणि आजाराचे निदान वर्षभर लांबले. आमच्या विद्यार्थिदशेतील पुस्तकांत अशा संथ गाठींना ‘स्यूडोलिम्फोमा’, म्हणजे खोटा लिम्फोमा, असे म्हटलेले असे. इंग्लंडमधील आयझॅकसन आणि राइट या विकृतिशास्त्रज्ञांनी 1983 साली पोट-आतड्यांतील अशा गाठींचा गट वेगळा ओळखला. पुढे डोळ्याभोवतीच्या पुष्कळशा ‘खोट्या’ गाठी त्याच गटातल्या, म्हणजे खऱ्याच, असल्याचे कळले. आज त्यांना माल्ट लिम्फोमा म्हणतात आणि डोळ्याच्या खोबणीत आढळणाऱ्या लिम्फोमांमध्ये हाच सर्वांत जास्त आढळतो.

आता चाकूविषयी. ही भीती अडाणीपणाची आहे असे मी म्हणणार नाही, कारण तिला आपल्याकडे ताजे कारण आहे. 2021 च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने मराठवाड्यात किती माणसांचे डोळे गेले हे लोकांनी आपापल्या भावकीत पाहिले. त्या बुरशीत जीव वाचवण्यासाठी काहींची डोळ्यासकट खोबण साफ करावी लागत असे. तेव्हापासून ‘डोळ्यामागे काहीतरी आहे’ असे शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रिकामी खोबण उभी राहते. लिम्फोमाचे तसे नसते. ही गाठ दगडासारखी एका जागी बसून सहसा हाड पोखरत नाही. बहुधा ती कणकेच्या गोळ्यासारखी डोळ्याभोवती, स्नायूंभोवती आकार घेत पसरते. म्हणून ती मुळासकट कापून काढण्याचा हट्ट शल्यचिकित्सक धरत नाहीत आणि डोळा काढण्याची वेळ सहसा येत नाही. तुकडा काढायचा तो नाव कळण्यापुरता, डाळ शिजली की नाही हे पाहायला दाणा चेपून बघावा तेवढाच. ‘पसरेल’ म्हणाल, तर ज्या पेशींचा हा आजार आहे त्या पेशी मुळात रक्तातून आणि लसीकेतून अंगभर हिंडणाऱ्याच आहेत. चाकूने त्यांना नवी वाट मिळत नाही. आजार दुसरीकडे असलाच, तर तो आधीपासून असतो आणि म्हणूनच नाव कळल्यावर पेट-सीटीसारख्या, अंगभर आजार शोधणाऱ्या तपासण्या करतात.

तरी तुकडा काढणे अगदी बिनधोक आहे असे मी सांगितले तर ते खोटे होईल, विशेषतः एकाच डोळ्यावर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत. खोबणीत रक्तस्राव होऊन डोळ्याच्या नसेवर दाब येणे हा क्वचित घडणारा, पण खरा धोका आहे. तो कमी-जास्त कशाने होतो हे मात्र विचारता येते. गाठ वर आणि पुढच्या बाजूला असेल, जशी ती अण्णांच्या अहवालावरून दिसते, तर पापणीच्या घडीतून छोटा छेद घेऊन तिथवर पोहोचता येते. मागे, नसेच्या जवळ असेल तर काम अवघड होते. अण्णा हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे. आणि एक गोष्ट आज घरीच पाहा : अण्णांना उजेडात बसवा, स्वच्छ हातांनी वरची आणि खालची पापणी हळूच दूर करा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कोपऱ्यांत, गुलाबी मांसल डाग आहे का ते बघा. पुस्तकांत त्याला सामन माशाच्या रंगाचा डाग म्हणतात. आपल्याकडे तो मासा कोणी पाहिलेला नसतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना लाल पेरूच्या गराचा रंग आठवायला सांगत असे. तसा डाग असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण मग तुकडा पृष्ठभागावरूनच मिळू शकतो आणि खोबणीत शिरण्याची गरजही कदाचित उरणार नाही.

एमआरआयच्या अहवालातील ‘शक्यता’ हा शब्द तुमच्या घरात सगळ्यांनी ओलांडून टाकला आहे असे पत्रावरून वाटते. एमआरआयने गाठ कुठे आहे आणि केवढी आहे हे कळते, ती कशाची आहे हे खात्रीने कळत नाही. खोबणीतील नुसता दाह, क्षयरोग, आयजीजी-4 नावाचा एक विकार, या सगळ्यांच्या सावल्या चित्रात एकमेकींसारख्या पडू शकतात आणि त्यांचे उपचार निरनिराळे आहेत. लिम्फोमाच असला तरी तो एक आजार नाही, एका आडनावाची अनेक घरे आहेत. माल्ट लिम्फोमा वर्षानुवर्षे रेंगाळतो. डिफ्यूज लार्ज बी-सेल हा आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो. आठ महिने न दुखता, हळूहळू पुढे आलेला डोळा संथ प्रकाराकडे बोट दाखवतो खरा, पण त्या बोटावर विसंबून एकुलता डोळा पणाला लावावा असे मला वाटत नाही.

इथे भावाच्या म्हणण्याकडे वळतो. तो आळशी आहे किंवा त्याला वडिलांची काळजी नाही असे पत्रात कुठेही दिसत नाही. काढणीला आलेले सोयाबीन उभे राहिले तर शेंगा तडकतात, वरून परतीचा पाऊस आला तर दाणे डागी होतात, आणि मजूर व मळणीयंत्र आपल्या सवडीने मिळत नाहीत. त्याच्या हिशेबात चूक एकच आहे : त्याने दोन निरनिराळी कामे एका गाठोड्यात बांधली आहेत. तुकडा काढणे हे एक-दोन दिवसांचे काम आहे आणि त्याचा पूर्ण अहवाल, विशेष रंगद्रव्यांच्या तपासण्यांसह, यायला साधारण एक-दोन आठवडे लागतात. उपचार हे दुसरे काम. तुकडा या आठवड्यात काढला तर अहवाल येईपर्यंत काढणी बरीचशी उरकलेली असेल. आजार संथ निघाला, तर डॉक्टरांच्या संमतीने आणखी आठ-पंधरा दिवस थांबायलाही हरकत नसते. वेगाचा निघाला, तर दिवाळीपर्यंतचे सात आठवडे आपण गमावणार होतो हे कळेल. नाव कळल्यानंतर थांबण्यात निदान हिशेब असतो, नाव न कळता थांबण्यात तोही नसतो. भावाला हे असे कामे वेगळी करून सांगा. शेतकरी माणसाला कामाचा क्रम पटतो.

दरम्यान दृष्टीवर लक्ष ठेवायचे काम घरातच होऊ शकते आणि ते अण्णांशिवाय दुसरे कोणी करू शकणार नाही. खोबणीतील गाठीने दृष्टी दोन वाटांनी जाते. पहिली वाट मागची : डोळ्याची नस दाबली जाते. तेव्हा आधी रंग फिके पडतात, त्यातही लाल, आणि मग अक्षरे अंधूक होतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवारचे आकडे लाल असतात. रोज सकाळी, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून अण्णांनी उजव्या डोळ्याने तो लाल आकडा पाहावा. कालच्यासारखा लाल दिसतो, की विटकरी, मळकट दिसतो? कोपऱ्यातला काही भाग झाकल्यासारखा वाटतो का? पुस्तकात सांगितलेली ‘एकाचे दोन दिसणे’ ही खूण त्यांना मिळणार नाही, कारण तिला दोन चालते डोळे लागतात. तेव्हा दोन दिसत नाहीत म्हणून सारे ठीक आहे असे समजू नका. दुसरी वाट पुढची : डोळा इतका बाहेर येतो की झोपेत पापणी मिटत नाही आणि बुबुळ सुकून त्यावर जखम होते. रात्री अण्णा गाढ झोपल्यावर मंद उजेडात पाहा. पापण्यांमध्ये पांढरी फट दिसत असेल तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा, ते रात्रीसाठी मलम आणि दिवसासाठी ओलावा राखणारे थेंब देतील. मळणीच्या धुरळ्यात त्यांनी चष्म्याशिवाय उभे राहू नये. कोणी सांगितलेला झाडपाल्याचा रस, मध किंवा कसलेही पाणी त्या डोळ्यात एक थेंबही जाऊ देऊ नका. नजर अचानक कमी झाली, लाल रंग दोन-तीन दिवसांत बदलला किंवा डोळा दुखून लालबुंद झाला, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी डॉक्टर कदाचित स्टेरॉइडच देतील आणि ते योग्यही असेल. तो निर्णय त्यांचा असू द्या, गावात जपून ठेवलेल्या जुन्या चिठ्ठीचा नको.

उपचाराविषयी थोडक्यात. आजार संथ आणि खोबणीपुरताच असेल तर बहुतेक वेळा ‘शेक’, म्हणजे रेडिओथेरपी, पुरेशी होते. प्रचलित पद्धतीत 24 ग्रे इतकी मात्रा 12 बैठकांत देतात, आठवड्याला पाच, म्हणजे सुमारे अडीच आठवडे. काही ठिकाणी अवघ्या 4 ग्रेची, दोनच बैठकांची पद्धतही वापरतात. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात म्हणजे डोके हलत नाही. किरणे काही मिनिटेच चालतात आणि चटका बसत नाही. ‘शेकाने डोळा जळतो’ हे ज्यांनी ऐकलेले असते त्यांनी ते बहुधा दुसऱ्या कर्करोगांच्या दुप्पट-अडीचपट मात्रेविषयी ऐकलेले असते. 24 ग्रे ही मात्रा डोळ्याच्या नसेला इजा करणाऱ्या मात्रेहून बरीच खाली आहे. डोळा कोरडा पडणे आणि काही वर्षांनी मोतीबिंदू होणे हे परिणाम संभवतात. तेव्हा आईने सांगितलेला मोतीबिंदू कदाचित खराही ठरेल, आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे. संथ प्रकारात त्या जागेवरचा आजार दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत आटोक्यात येतो, मात्र तो बऱ्याच वर्षांनी दुसरीकडे डोके वर काढू शकतो, म्हणून तपासण्या वर्षानुवर्षे चालू ठेवाव्या लागतात. वेगाच्या प्रकारात रिटुक्सिमॅब या औषधासह केमोथेरपी लागते, साधारण दर 21 दिवसांनी एक याप्रमाणे. तिच्याआधी कावीळ-बीची रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण अंगात दबून असलेला तो विषाणू या औषधाने उसळतो. लक्षणे नसलेल्या संथ लिम्फोमात काही न करता नुसते लक्ष ठेवणे हाही मान्य मार्ग आहे, पण पुढे आलेल्या एकुलत्या डोळ्याला तो लागू पडेल असे मला वाटत नाही.

कुठे जावे? घरातून ‘टाटाला न्या’ असा सूर निघतोच, आणि गरज पडली तर परळला जरूर जा. परभणीहून मुंबईला आणि हैदराबादलाही थेट गाड्या आहेत आणि कर्करोगाच्या रुग्णाला सोबत्यासह रेल्वेत सवलत मिळते. पण दोन कामांचा वेगळा विचार करा. तुकडा काढणारा हात खोबणीच्या शस्त्रक्रियेत रुळलेला हवा, त्यासाठी एकदा लांब जावे लागले तरी चालेल. शेकासाठी रोज जायचे असते, तिथे जवळपणा महत्त्वाचा. तुम्ही राहता त्याच शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव-लातूरकडच्या वाचकांना बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय जवळ पडेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणता उपचार कुठे बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून आधीच विचारा. कर्करोगाच्या उपचाराची मंजुरी मागताना तुकड्याचा अहवाल जोडावा लागतो, हे चुलत्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

आता तुमचा शब्द. ‘लग्न होऊन गेलेली मुलगी’ असे स्वतःला म्हणताना तुम्ही जे विसरता ते मी मोजून सांगतो : रुग्णालयाच्या शहरात घर तुमचे आहे, अहवाल वाचता येणारी व्यक्ती तुम्ही आहात, आणि काढणीच्या दिवसांत मोकळे हात तुमचेच आहेत. अडचण बहुधा निराळीच येईल. लेकीच्या दारात अडीच आठवडे राहायला आपल्याकडचा बाप संकोचतो. जुन्या वळणाची माणसे लेकीच्या घरचे पाणीसुद्धा पीत नसत. यावर वाद घालू नका. तुमच्या यजमानांनी स्वतः गावी जाऊन ‘मामा, चला’ म्हणावे; जावयाच्या तोंडून आलेले बोलावणे मोडणे अण्णांना जड जाईल. चुलत्यांनाही वगळू नका, त्यांना पहिल्या भेटीला सोबत न्या आणि ‘चाकू लागला की पसरतं’ हे डॉक्टरांसमोर त्यांच्याच तोंडून विचारू द्या. घरी तुम्ही दिलेले उत्तर त्यांना उलट बोलणे वाटेल, तिथे मिळालेले उत्तर ते गावात स्वतः सांगत फिरतील.

आणि अण्णांना सांगा. संमतिपत्रावर सही त्यांची लागणार आहे, रुग्णालयाच्या फाटकावरची पाटी त्यांना वाचता येते, आणि लाल आकडा रोज त्यांनीच पाहायचा आहे. ज्याला मोतीबिंदू झाला आहे असे वाटते तो माणूस रंग फिका पडला तरी ‘पिकला असेल’ म्हणून गप्प राहील. आईला आधी विश्वासात घ्या, मग संध्याकाळी निवांत बसलेले असताना साध्या शब्दांत म्हणा : ‘अण्णा, मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या मागं गाठ आहे. कशाची ते तुकडा काढल्याशिवाय कळत नाही. वाईट निघाली तरी औषध आहे, आणि डोळा काढायची गोष्ट कोणी बोललेलं नाही.’ मग थांबा. त्यांना जेवढे विचारायचे असेल तेवढे विचारू द्या. 22 वर्षे एका डोळ्याने पेरणी-काढणी केलेला माणूस आहे; धक्का बसेल, पण तो पेलणार नाही हे आपणच कसे ठरवायचे?

रुग्णालयात निघताना पिशवीत एमआरआयची सीडी ठेवा, नुसता कागद पुरत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि तालुक्याची चिठ्ठी घ्या, शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते त्यावर लिहा, आणि चालू असतील तर परस्पर बंद करू नका, डॉक्टर मात्रा उतरवत बंद करतील. आठ महिन्यांपूर्वीचे अण्णांचे एखादे छायाचित्र घ्या, लग्नातले वगैरे, म्हणजे डोळा किती पुढे आला ते कळते. तुकडा देताना ‘ब्लॉक आणि स्लाइड मला परत मिळतील ना?’ हे विचारून ठेवा. ब्लॉक म्हणजे जाळीच्या प्लॅस्टिक डबीवर बसवलेला, बोटाच्या पेराएवढा मेणाचा ठोकळा, कडेला क्रमांक लिहिलेला. दुसरे मत घ्यायचे ठरले तर तोच पुढच्या प्रयोगशाळेत चालतो आणि अण्णांना पुन्हा टेबलावर झोपावे लागत नाही. क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या आणि ठोकळा उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे.